पाचवा पंच

मुलाकडे परदेशात राहायला आलेल्या निवृत्त माणसाने दिवसभर काय करावं, याबद्दल यादवराव खासनिसांना सल्ला दिला नाही असा मराठी माणूस फ्लॅट बुश या उपनगरात उरला नव्हता. कुणी म्हणालं चाला, कुणी म्हणालं मागच्या अंगणात कोथिंबीर लावा, कुणी म्हणालं आमच्या भजनी मंडळात या, टाळ आम्ही देऊ. शेजारचे गुरुनाथ तर रोज कुंपणावरून एक नवा सल्ला देत. गुरुनाथ मूळचे डोंबिवलीचे, पेशाने इंजिनिअर, आणि या देशात खासनिसांच्या श्रीनाथच्या बरेच आधी आलेले. परदेशातल्या मराठी माणसांत वय, शिक्षण, पगार यांतलं काही मोजत नाहीत. विमानातून आधी कोण उतरलं ते मोजतात. त्या न्यायाने पंचेचाळिशीतले गुरुनाथ हे सत्तरीकडे झुकलेल्या यादवरावांचे वडीलधारे होते.

यादवराव सगळ्यांचं ऐकून घेत आणि त्यातलं काहीही करत नसत. पुण्याच्या भूमापन खात्यात हयात घालवलेला माणूस ऐकून घेण्यात तरबेज असतो. पण आत एक गोष्ट टोचत होती, आणि ती कोथिंबीर लावून जाण्यासारखी नव्हती. त्यांना इथे नाव नव्हतं. नातीच्या शाळेच्या फाटकापाशी ते ‘इराज ग्रँडॅड’ होते, श्रीनाथच्या मित्रमंडळीत ‘काका’, सुरभीच्या, म्हणजे सुनेच्या फोनमध्ये ‘बाबा होम’. नोकरीतही तेच झालेलं. पुण्याच्या गल्ल्याबोळांची मोजणी त्यांनी उन्हातान्हात केली, पण छापील नकाशावर नाव यायचं ते साहेबांचं.

आणि घरात म्हणाल, तर नीलाताईंनी लग्नातला उखाणा वगळता नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. वळण म्हणा, सवय म्हणा. त्यांचा सगळा संसार ‘अहो’वर झाला. एरवी बाई कुणाला भिणारी नव्हे. पण इथल्या दवाखान्यातल्या मुलीने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी बाकावर बसलेल्या यादवरावांकडे बोट दाखवलं. मुलीने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा बोट दाखवलं. शेवटी पर्समधून यादवरावांचा पासपोर्ट काढून काउंटरवर सरकवला, आणि मुलगी त्यांच्याशी फार मोठ्याने आणि फार सावकाश बोलू लागली.

तर अशा निनावी अवस्थेत, २०१६च्या फेब्रुवारीत, शेजारच्या बॉटनी नावाच्या उपनगरातल्या लायब्ररीत यादवरावांना भिंतीवर एक जाहिरात दिसली. किल्ब्रे नावाचं एक खोरं आहे, मोटरवेने दक्षिणेला तासाभरावर. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातून आलेल्या कुटुंबांनी ते वसवलं, आणि येताना आपलं चर्च आणि चर्चच्या भोवतीचा गाव, ज्याला ते पॅरिश म्हणतात, जसाच्या तसा बरोबर आणला. त्या पॅरिशला आता दीडशे वर्षं होणार. खोऱ्यातल्या ओढ्यांना, वळणांना, डोहांना, माळांना लोकांनी ठेवलेली नावं कुठल्याच नकाशात नाहीत, ती फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. म्हातारे चालले आहेत आणि शेतांचे प्लॉट पडत आहेत. तेव्हा ऑक्टोबरातल्या सोहळ्यात नावांचं एक पुस्तक काढायचं आहे, स्वयंसेवक पाहिजेत. आणि खाली, बारीक अक्षरात: संकलकाचं नाव पुस्तकात छापलं जाईल.

ही शेवटची ओळ यादवरावांनी चष्मा पुसून परत वाचली. मग ती जाहिरात भिंतीवरून काढून, घडी घालून खिशात टाकली, म्हणजे दुसरा कुणी अर्ज करायला नको.

घरी ही बातमी फारशा उत्साहाने घेतली गेली नाही. श्रीनाथ म्हणाला, “बाबा, जस्ट चिल. त्यांचं गाव, त्यांची नावं, तुम्ही कशाला?” सुरभीने विचारलं की गाडी कोण चालवणार. गुरुनाथांनी कुंपणावरून चार सूचना दिल्या: गमबूट घ्या, कुत्र्यांच्या डोळ्यांत बघू नका, चहा दिला तर एकच कप घ्या, आणि काही झालं तरी गाडी शेतात घालू नका. या चारांपैकी चौथी सूचना ऐकली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. नीलाताईंनी मात्र विचारलं, “अहो, तिकडे डबा लागेल ना?” म्हणजे त्या बरोबर जाणार हे ठरलंच.

किल्ब्रेच्या समितीच्या अध्यक्ष मोराग मॅकफेल या बाईंनी दोघांचं फार चांगलं स्वागत केलं आणि लगेच सुरक्षेचा पाठ सुरू केला. यादवरावांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यांच्या अंगावर कोयते घेऊन माणसं धावून आली, पण तिथे कुणी त्यांना पिवळं जाकीट दिलं नव्हतं. इथे जाकीट मिळालं. शेतातले धोके सांगणारा कागद मिळाला. आणि म्हाताऱ्या माणसांशी एकटं बोलायचं म्हणून पोलिसांकडून चारित्र्य तपासून आणायला सांगितलं. ही शेवटची गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. “मी पोलिसांबरोबर पंचनामे केलेत,” ते नीलाताईंना हलक्या आवाजात म्हणाले, “आणि आता माझीच चौकशी.” या दुःखात ते त्या कागदावर सही करत असताना मोरागबाई शेताच्या फाटकांबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या, ते त्यांच्या कानांवर पडलं पण आत शिरलं नाही.

चारित्र्य शुद्ध असल्याचं यथावकाश कळलं. पण नकाशा मिळेना. यादवरावांना खोऱ्याचा शिक्क्यानिशी प्रमाणित नकाशा हवा होता. एका कचेरीत सांगितलं, नकाशा वेबसाइटवर आहे, हवा तेवढा घ्या. दुसऱ्या कचेरीत, जी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, त्यांनी हसून तेच सांगितलं आणि वर चहा विचारला. शिक्का मारून द्या म्हटल्यावर तिथला तरुण गोंधळला. त्याच्याकडे शिक्काच नव्हता. सरकारी कचेरीत शिक्का नाही, हे ऐकून यादवरावांना त्या देशाची पहिल्यांदा काळजी वाटली.

मग समितीच्या पहिल्या बैठकीत खरा प्रश्न उभा राहिला. समितीची पद्धत सोपी होती. म्हाताऱ्यांकडे जायचं, चहा प्यायचा, ते सांगतील ती नावं फोनवर रेकॉर्ड करायची. यादवराव उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “आणि पंच?”

कुणालाच काही कळलं नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. एक म्हातारा उद्या एखाद्या टेकडीला आपल्या म्हशीचं नाव सांगेल, ते छापायचं का? पुरावा लागतो. भूमापनात पुरावा म्हणजे पंचनामा. कायद्याला दोन पंच चालतात, पण यादवराव नेहमी पाच घेत. पंच म्हटलं की पाच, त्यात काटकसर कसली. प्रत्येक नावाला पाच पंच हवेत, पाच वेगवेगळ्या घरांतले. ते नाव वापरणारे किंवा ती जागा डोळ्यांनी पाहिलेले हवेत. प्रत्येकाने ते नाव स्वतःच्या तोंडाने सर्वांसमक्ष उच्चारलं पाहिजे, नुसती मान हलवून चालणार नाही. कुणाची हरकत असेल तर ती ऐकायची आणि लिहायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नोंद करणाऱ्याला स्वतःचं मत नसतं. लोकांच्या तोंडी जे आहे ते लिहायचं.

 मग मोरागबाई म्हणाल्या की हे फारच इंटरेस्टिंग आहे. त्या रात्री गुरुनाथांनी सांगितलं की इथले लोक ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले की त्याचा अर्थ नको असा होतो. पण तोवर यादवरावांनी बॉटनीच्या दुकानातून पंचनाम्याच्या कोऱ्या प्रतींचा गठ्ठा छापून आणला होता. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हे त्यांनी इंग्रजीत आणलं होतं, आणि ते इतकं भारदस्त झालं होतं की नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

राहता राहिला शिक्का. शिक्क्याशिवाय पंचनामा म्हणजे कुंकवाशिवाय सवाष्ण, असं यादवरावांचं म्हणणं. रबरी शिक्का करून मिळायला वेळ लागणार होता, आणि श्रीनाथ म्हणाला की बाबा तुम्ही हे हीप्स, म्हणजे फारच, सीरियसली घेताय. शेवटी इराच्या दप्तरात एक शिक्का सापडला. शाळेत चांगलं अक्षर काढलं की बाई वहीवर मारतात तसा, जांभळ्या शाईचा, किवी पक्ष्याचं चित्र आणि भोवती ‘का पाय’. माओरीत याचा अर्थ ‘छान, शाबास’. “आजोबा, दॅट्स माय बेस्ट स्टॅम्प,” इरा म्हणाली, “बट यू कॅन बॉरो इट.” तेव्हापासून किल्ब्रे खोऱ्यातली प्रत्येक नोंद शाबासकीनिशी प्रमाणित होऊ लागली.

आणि नवल म्हणजे काम चाललं. एका नावाला पाच घरांतले पाच पंच गोळा करायचे म्हणजे पाच घरांना एका टेबलाभोवती आणायचं. किल्ब्रेत मेंढरं भरपूर आणि माणसं विरळ. एका कुंपणावरून बापजाद्यांच्या काळापासून अबोला धरलेली घरं होती, ती आता ‘थ्री विडोज’ नावाच्या वळणावर नेमक्या कोणत्या तीन विधवा राहत होत्या, यावरून कडाकडा भांडू लागली. मोरागबाई खाजगीत कबूल करत की इतकं बोलणं या खोऱ्यात युद्ध संपलं तेव्हाही झालं नव्हतं. नीलाताईंचं थालीपीठ लोकांना आवडलं. त्याला ते ‘द फ्लॅट वन’ म्हणत.

पंचांत एक हुइया नावाच्या माओरी बाई होत्या, खोऱ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या. यादवरावांनी त्यांना सरळच विचारलं की या सगळ्याच्या आधीची तुमची नावं सांगा, ती पण नोंदवून टाकतो. हुइयाबाई हसल्या. म्हणाल्या, आमची नावं हरवलेली नाहीत. ती आमच्या माणसांकडे नीट सांभाळलेली आहेत. हवी असतील तर आमच्या सभास्थानी, मराएवर, रीतसर विचारायला या, वडीलधारे बसतील, ते काय द्यायचं ते ठरवतील. यादवरावांना मुळीच राग आला नाही. थ्रू प्रॉपर चॅनल ही गोष्ट समजणारं कुणीतरी त्यांना या देशात पहिल्यांदाच भेटलं होतं. ते मोरागबाईंना घेऊन रीतसर गेले, आणि वडीलधाऱ्यांनी जेवढी नावं द्यायची ठरवली तेवढी पुस्तकाच्या पहिल्या पानांवर गेली, त्यांनी सांगितली तशी. तिथे पंच मागायची हिंमत यादवरावांनी केली नाही. एवढं तारतम्य त्यांना होतं.

मग एप्रिलमध्ये डंकन रेनीचं प्रकरण उद्भवलं.

डंकन हा खोऱ्यातला मोठा शेतकरी. उंच, लाल, आणि बोलण्याच्या बाबतीत कमालीचा कंजूष. त्याच्या हद्दीत ओढ्याला एक उतार होता, म्हणजे पाणी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. डंकनच्या मते त्याचं नाव ‘रेनीज फोर्ड’, म्हणजे रेनींचा उतार. बाकी सगळं खोरं त्याला ‘सँडीज नॅप’ म्हणे, म्हणजे सँडीची डुलकी. सँडी हे डंकनचे पणजोबा. एका बाजाराच्या दिवशी ते इतकी पिऊन परतले की घोडा पाणी ओलांडून एकटाच घरी गेला आणि पणजोबा उतारावरच घोरत राहिले. डंकन म्हणाला, ही आमच्या घराण्याची बदनामी आहे, छापू नका. तो एवढं लांब वाक्य बोलला यावरूनच लोकांना प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

मोरागबाई विरघळल्या होत्या. पण यादवराव उठले, आणि त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये जे भाषण केलं ते नीलाताईंना आजही पाठ आहे. “आमच्या पुण्यात,” ते म्हणाले, “एक देव आहे. त्याचं नाव खुन्या मुरलीधर. द मर्डरर मुरलीधर. देवाने खून केलेला नाही, देवळाच्या दारात झाला. पण लोकांच्या तोंडी बसलं ते बसलं. प्रत्यक्ष भगवंताने आजवर हरकत घेतलेली नाही. तुमचे पणजोबा फक्त झोपले होते.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, आणि ते हसायला नको होतं. डंकन टोपी घालून निघून गेला. चार घरांनी आणि हुइयाबाईंनी ते नाव स्वच्छ आवाजात उच्चारलं. यादवरावांनी नोंद केली: सँडीज नॅप. हरकत: रेनी कुटुंब. हरकत फेटाळली. का पाय.

त्या दिवशी गाडीत नीलाताई म्हणाल्या, “अहो, त्या माणसाला फार लागलं.” यादवराव म्हणाले की नोंद करणाऱ्याला मत नसतं. नीलाताई म्हणाल्या की मत नसेना, पण मन असावं. यावर यादवरावांनी रेडिओ लावला.

आता नोंद झाली म्हणजे स्थळपाहणी आली. जागा स्वतः पाहिल्याशिवाय नकाशावर टिंब द्यायचं नाही हा त्यांचा नोकरीतला बाणा. मे महिन्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळी थंडीत, ते दोघं श्रीनाथची जुनी गाडी घेऊन डंकनच्या शेतावर गेले. डंकनने परवानगी दिली, थंडपणे. म्हणाला, वरच्या वाटेने जा, खालच्या सपाटीवर जाऊ नका.

आता वरची वाट म्हणजे टेकडीला मोठा वळसा, चर्चला जायचा-यायचा रस्ताही तोच. खालची सपाटी म्हणजे एकसारखी हिरवीगार, लॉनसारखी, आणि तिच्या पलीकडे सरळ रेषेत सँडीची डुलकी. ज्या माणसाने जन्मभर साखळी टाकून दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर काढलं, त्याला एका शेतकऱ्याने अंतर शिकवावं? यादवरावांनी खालचं फाटक निवडलं. ते सताड उघडं होतं. आणि इथे पुण्याचं पाणी आडवं आलं. पुण्यात ‘फाटक बंद ठेवावे’ ही पाटी वाचून माणूस लहानाचा मोठा होतो. दुसऱ्याचं फाटक उघडं टाकणं याहून मोठं पाप त्याला ठाऊक नसतं. ते खाली उतरले, फाटक नीट ओढून घेतलं, कडी घातली, वर साखळीही अडकवली, आणि गबाळ्या डंकनबद्दल एक वाक्य बोलून परत गाडीत बसले.

गाडी थोडी पुढे गेली आणि बसली. बसली म्हणजे थांबली नाही. म्हैस पाण्यात बसते तशी, समाधानाने खाली गेली. ते लॉन नव्हतं, वर गवत उगवलेली दलदल होती. यादवरावांनी ॲक्सिलरेटर दाबला. नीलाताई म्हणाल्या दाबू नका. त्यांनी अजून दाबला. चाकांनी मागे चिखलाचं कारंजं उडवलं आणि गाडी दारापर्यंत आत गेली.

एवढ्यात गाई आल्या. फाटक उघडं होतं ते गबाळेपणाने नव्हे. कडेकडेच्या कोरड्या पट्टीवरून गाई संध्याकाळच्या धारेला आपल्या आपण त्याच फाटकाने शेडकडे जात. जसं असेल तसं फाटक सोडावं, उघडं तर उघडं, बंद तर बंद, हा तिथला पहिला नियम, आणि मोरागबाईंनी तोच सांगितला होता. फाटक बंद दिसल्यावर गाई क्षणभर विचारात पडल्या, मग वळल्या आणि सगळा कळप गाडीभोवती येऊन उभा राहिला. एकीने यादवरावांच्या बाजूची काच चाटली. नीलाताईंनी थर्मास उघडला आणि शांतपणे चहा ओतला. “घ्या,” त्या म्हणाल्या, “एकच कप हं, गुरुनाथांनी सांगितलंय.”

गाई का येईनात म्हणून बघायला डंकन ट्रॅक्टरवर आला. त्याने बंद फाटक पाहिलं, गाई पाहिल्या, पिवळं जाकीट पाहिलं. साखळी लावली, गाडी ओढून काढली. एका शब्दाने बोलला नाही. तो शिव्या घालता तर यादवरावांना बरं वाटलं असतं. दलदलीतून बाहेर येताना दोघंही नवराबायको डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखली होती, आणि मोटरवेवरून घरी परतताना यादवरावांना आपण फार छोटे झालो आहोत असं वाटत राहिलं. श्रीनाथने गाडी पाहिली आणि बराच वेळ नुसता पाइप धरून ती धूत राहिला. गुरुनाथ कुंपणापर्यंत आले, त्यांनी गाडीकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांनीही सल्ला दिला नाही. हा अपमानाचा कळस होता.

यादवरावांनी ठरवलं की काम सोडायचं नाही. चिखल वाळतो आणि झटकता येतो, पुस्तक राहतं. ते दर आठवड्याला वरच्या वाटेने किल्ब्रेला जात राहिले. पण जुलैत कधीतरी त्यांच्या कानावर काही पडू लागलं. गावच्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, एकजण दुसऱ्याला सांगत होता की पाण्याची गळती ‘यादव्ज बॉग’च्या पलीकडे आहे. यादवची दलदल. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं करून ब्रेड घेतला. पुढच्या आठवड्यात दुधाचा टँकर चालवणारा कॉलिन खिडकीतून हात हलवून, माओरीतला नमस्कार करत म्हणाला, “किया ओरा, यादव.” परक्या देशातल्या रस्त्यावर कुणीतरी नावाने हाक मारली म्हणून ते क्षणभर सुखावले, आणि मग हाक का मारली ते लक्षात आलं. चर्चच्या पत्रकातही आलं: यादव्ज बॉगजवळ एक मेंढी सापडली आहे, मालकाने घेऊन जावी.

ज्याला छापील नाव हवं होतं त्याचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते असं, दलदल म्हणून, आणि तेही हरवलेल्या मेंढीबरोबर.

शेवटची बैठक ऑगस्टमध्ये होती. दुसऱ्या दिवशी पुस्तक छपाईला जायचं होतं. गाई विण्याचे दिवस, त्यात संध्याकाळी रग्बीचा मोठा सामना, म्हणून हॉलमध्ये जवळजवळ कुणी नव्हतं. मोरागबाई, हुइयाबाई, टँकर उभा करून चहाला आलेला कॉलिन, आणि मागच्या खुर्चीवर थर्मास घेऊन नीलाताई. मोरागबाईंनी पहिल्या पानाचा नमुना दाखवला. त्यावर संकलक म्हणून यादवराव खासनीस हे नाव होतं, पूर्ण. यादवरावांनी तो कागद हातात घेतला आणि पुष्कळ वेळ खाली ठेवला नाही.

मोरागबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं की एखादं नाव राहिलं आहे का. तेव्हा दार उघडलं आणि गमबूट घातलेला डंकन आत आला. गाई विण्याचं टाकून आला होता.

“एक आहे,” तो म्हणाला. “यादव्ज बॉग.”

हॉलमध्ये सगळे चहाच्या कपांत बघू लागले. यादवरावांनी घसा साफ केला आणि नियम काढला. नाव किमान काही काळ रुळलेलं हवं. कॉलिन म्हणाला, टँकर कंपनीच्या रस्त्याच्या माहितीत आलंय. ठीक, म्हणाले यादवराव, मग पंच. डंकनने नाव उच्चारलं. कॉलिनने उच्चारलं. हुइयाबाईंनी उच्चारलं, हसू दाबत. मोरागबाईंनी आधी यादवरावांची क्षमा मागितली आणि मग उच्चारलं.

यादवरावांनी मोजलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. चार. “पाच लागतात,” ते शक्य तितक्या दुःखी आवाजात म्हणाले. “माझा नाइलाज आहे. नियम म्हणजे नियम.”

डंकन त्यांच्याकडे बघत राहिला. तो रागावलेला नव्हता. नियम दुसऱ्याला लावताना केवढा ताठ आवाज होता आणि आता केवढा मऊ आहे, एवढंच जणू तो ऐकत होता. यादवरावांना ते कळलं. लाज वाटली. तरीही त्यांनी नियम सोडला नाही, कारण हातात पहिलं पान होतं.

“मी आहे ना पाचवी,” मागून नीलाताई म्हणाल्या.

यादवराव वळले. एक आशा अजून होती, आणि ती भक्कम होती. “पंचाने नाव स्वतःच्या तोंडाने घ्यावं लागतं,” ते मराठीत म्हणाले. “बोट दाखवून चालत नाही.”

नीलाताई थर्मास खाली ठेवून उभ्या राहिल्या. पदर नव्हता, जाकीट होतं. त्यांनी जाकीटच सारखं केलं. लग्नात पाटावर उभ्या होत्या तशा सरळ उभ्या राहिल्या, नजर समोरच्या भिंतीवर, आणि ठसक्यात म्हणाल्या:

“मेंढरांच्या देशामध्ये कुरण हिरवंगार,
यादवराव रुतले जिथे, तिथली मी साक्षीदार.”

हॉलमध्ये मराठी कुणालाच कळत नव्हतं. पण कॉलिनने टाळी वाजवली, मग हुइयाबाईंनी. यादवराव नुसते उभे होते. त्यांचं नाव चाळीस वर्षांनी त्या तोंडून आलं होतं, आणि ते ऐकताना हातातलं पहिलं पान त्यांनी कधी टेबलावर ठेवलं, ते त्यांनाही कळलं नाही. छापील पानावरचं नाव त्यांनी मघापासून कितीतरी वेळा वाचलं होतं, पण असं काही झालं नव्हतं.

मोरागबाईंनी विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

“हो म्हणाली,” यादवरावांनी सांगितलं.

मग ते टेबलाशी बसले आणि त्यांनी शेवटचा पंचनामा स्वतःच्या हाताने, अक्षर जराही न हलू देता लिहिला. स्थळाचं नाव: यादव्ज बॉग. नावाचं कारण: सदर इसम सूचना न ऐकता सदर ठिकाणी वाहनासह रुतला, तत्पूर्वी त्याने फाटक बंद केले. पंच: पाच. मग एकच रकाना राहिला. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, डंकनसुद्धा. हरकत. यादवरावांनी पेन टेकवलं आणि लिहिलं: नाही.

शिक्का त्यांनी डंकनच्या हातात दिला. त्या आडदांड माणसाने तो फार जपून, दोन बोटांत धरून मारला. का पाय. मग म्हणाला की यादव, आता तू आणि सँडी शेजारी झालात, आणि तो पहिल्यांदा हसला.

बाहेर पडताना पाऊस सुरू झाला होता. यादवरावांनी गाडी सुरू केली आणि ते वाट बघत राहिले. आता एकदा नाव घेतलं आहे, तर ती परत घेईल, असं त्यांना वाटत होतं. गाडी डंकनच्या शेताशी, दोन वाटा फुटतात तिथे आली. खालचं फाटक सताड उघडं होतं.

“अहो,” नीलाताई म्हणाल्या, “वरच्या वाटेने घ्या.”

त्यांनी वरच्या वाटेने घेतली.